तीन टेबलांचा माणूस

“हे कुणाला पटायचं नाही,” मायरन हुडाक म्हणाला, “पण एका खेळीत चेंडू मीच उडवला, मीच झेलला, आणि चेंडू घेऊन पळणाऱ्या मला पाडायला जो पहिला माणूस धावला, तोही मीच होतो.”

“मग? पाडलंस?” चेस्टरने विचारलं.

“थोडक्यात निसटलो. त्या काळी मला पकडणं सोपं नव्हतं.”

चेस्टर वोझ्नीने बिअरचा ग्लास खाली ठेवला, कारण हसताना ती सांडली असती आणि बिअर सांडणाऱ्यांतला तो नव्हता. त्याच्या शेजारी बसलेल्या बर्डेटने मात्र मान हलवली. बर्डेटने उभी हयात टपाल वाटण्यात घालवली होती. दुसऱ्यांच्या घरातलं बरंच काही दारातूनच कळतं आणि ते पोटात ठेवायचं असतं, ही सवय त्याच्या अंगात मुरली होती.

“एवढं घडलं आणि पेपरात एक ओळ नाही?” बर्डेट म्हणाला.

“पेपरवाल्याने लिहिलं होतं रे. संपादकाने कापलं. म्हणाला, तिघांची नावं एकच कशी?”

उपासाचा शुक्रवार होता, मांस वर्ज्य, मासे चालतात. ईस्टर येईपर्यंत दर शुक्रवारी डनलॅप्स बेंड गावात आगीचा बंब त्याच्या हॉलमधून काढून बाहेर अंगणात उभा करतात आणि त्याच्या जागेवर लांबलचक टेबलं मांडून मासे तळतात. गावातला कारखाना बंद पडला, दोन शाळांची एक झाली, सिनेमाचं थिएटर पाडून तिथे गाड्या लावायची जागा केली, पण मासे काही बंद झाले नाहीत. पावाच्या दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर आलेला मासा, लोण्यात परतलेली कोबी आणि शेवया, आणि करंजीसारख्या, बटाटा भरलेल्या पिरोगी. पिरोगीच्या कढईवर लिओना पेट्रश असायची. स्वयंपाकघर आणि हॉल यांच्यामध्ये जी वाढायची खिडकी होती, तिच्या पलीकडे तिचा चेहरा वाफेत दिसे, मध्येच नाहीसा होई.

मायरन बसायचा तो त्या खिडकीला लागून असलेल्या टेबलावर. चेस्टर आणि बर्डेटला वाटे, तो गोष्टी आपल्याला सांगतो. वाटू द्यावं. माणसाचं समाधान कशाला मोडा.

खरी गोष्ट अशी होती की उद्या शनिवारी नदीपलीकडच्या शहरात, मायरन तरुणपणी ज्यात खेळला त्या पडलर्स या अमेरिकन फुटबॉलच्या संघाच्या जुन्या खेळाडूंचं जेवण होतं. दर वसंतात असतं. येताना घरचं कुणीतरी बरोबर आणायचं, असा रिवाज. मायरनच्या घरचं आता कुणी उरलं नव्हतं. बायकोला, आयरीनला, जाऊन काही वर्षं झाली होती आणि मुलगी इतक्या लांब राहायची की तिच्याकडे सकाळ व्हायची तेव्हा याचं जेवण झालेलं असायचं. म्हणून सोमवारी त्याने पोस्टाच्या दारात लिओनाला गाठलं आणि ‘शनिवारी मोकळी आहेस का’ असं हवापाण्याबद्दल विचारावं तसं विचारलं.

“भाचीचं लग्न आलंय,” ती म्हणाली. “शनिवारी बहिणीकडे सगळ्या जणी कुकीज भाजायला जमणार. अजून मी तिला हो म्हटलेलं नाही. का रे?”

“जेवण आहे. संघाचं.”

“मग तिथे तुझी माणसं आहेत की. मी कशाला?”

या ‘कशाला’ला मायरनपाशी उत्तर होतं, पण ते तोंडातून काढण्यासारखं नव्हतं. म्हणून त्याने तिला त्या दिवशी एक गोष्ट सांगितली. मंगळवारी दुसरी सांगितली. बुधवारी ती वाणसामानाच्या दुकानात भेटली तेव्हा तिसरी. प्रत्येक गोष्टीत त्याचे जुने सोबती त्याच्यावर जीव टाकत होते. प्रत्येक गोष्ट संपली की लिओना म्हणायची, “बरं. पण मी कशाला?” आज सकाळी तिने सांगून टाकलं होतं की बहीण फोनची वाट बघतेय, आजचं आवरलं की तिला काय ते सांगावं लागेल. म्हणजे कढई घासून पालथी पडेपर्यंतच काय तो वेळ होता.

“मायरन,” खिडकीतून आवाज आला, “तुझा मासा गार झाला. तोंड गोष्टीला लावलंस, खातोस कशाने?”

“गोष्ट संपली की खातो.”

“म्हणजे उपाशीच मरणार हा,” चेस्टर म्हणाला.

मायरनने पावाचा एक तुकडा मोडला आणि तोंडात न टाकता हातातच ठेवला. “तुम्हाला लाइनबॅकर म्हणजे काय ते तरी कळतं का?”

“माझ्या आईला विचार,” बर्डेट म्हणाला. “पंचाण्णव वर्षांची आहे. तीही सांगेल.”

“सगळे सांगतात. पुढे धिप्पाडांची फळी, मागे पळणाऱ्यांची फळी, आणि मध्ये आम्ही. पण ही झाली शाळेतल्या मास्तरांची व्याख्या. आमच्याकडे बचावाचा कोच दर दोन वर्षांनी बदलायचा आणि येणारा प्रत्येक जण मला बघून म्हणायचा, हा माणूस चुकीच्या जागी उभा आहे.”

हे मात्र खरं होतं. मायरनच्या गोष्टींत मध्ये मध्ये अशी खरी वाक्यं असत. लोक नेमके तिथेच जास्त हसत.

पहिला कोच होता क्रँडल. त्याचा बचाव साधा, चार पुढे आणि तीन मागे. मायरन त्या तिघांच्या मधोमध. त्याच्या पुढे ऑटो ग्रीव्ह नावाचा एक डोंगर जमिनीवर हात टेकून बसलेला असे. चेंडू हलायच्या आधी मायरन ऑटोच्या डाव्या ढुंगणावर एक चापट मारी. मी डावीकडे घुसतोय, तू उजवी बाजू अडव. ऑटो मान वळवत नसे. बोलत नसे. पण समोरची फळी फुटली की तो बरोबर उजवीकडे गेलेला असे. कधी मायरनने उगाच, सवयीने, दोन्हीकडे थापटलं तर ऑटो खालूनच गुरगुरे, “ठरव रे बाबा एकदा.” चापटीच्या त्या भाषेत ते दोन मोसम बोलले. मैदानाबाहेर त्यांचं फारसं बोलणं झालंच नाही. गरजही पडली नाही.

“मग आला टटल,” मायरन सांगत होता. “तो म्हणाला, पुढे तीनच ठेवायचे, मागे चार. आणि हुडाक, तू मधून निघ, कडेला जा, आणि तिथून थेट चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकच्या मानगुटीवर. पण त्यासाठी वजन वाढव. मी विचारलं, किती? तो म्हणाला, थांब म्हणेपर्यंत. आणि सुट्टीवर निघून गेला.”

“अरेरे,” चेस्टर म्हणाला.

“थांब म्हणणारा कुणी नाही! मी आलो घरी. आईने कढई चढवली. सकाळी पिरोगी, दुपारी पिरोगी, रात्री झोपेत तोंड उघडं दिसलं की एक सारायची. उन्हाळा संपता संपता मी पलीकडच्या तीरावर जायला होडीत बसलो. होडीवाला म्हणाला, हुडाक, तू आधी जा, तुझी सावली दुसऱ्या खेपेला नेतो.”

खिडकीपलीकडे काहीतरी खणकन वाजलं. लिओना हसली की तिच्या हातातला झारा कढईच्या काठाला लागे. मायरन त्या आवाजाची वाट बघत होता. त्याने पाठ जरा सरळ केली.

“शहरात गेलो तर बसच्या पुढच्या पायरीवर पाय ठेवला आणि मागची चाकं वर. ड्रायव्हर म्हणाला, साहेब, तुम्ही मधून चढा.”

“मधलं दार नसतं रे त्या काळच्या बसला,” बर्डेट म्हणाला.

“त्यानंतरच ठेवायला लागले!”

चेस्टरने टेबलावर थाप मारली. मायरनही हसला. हसता हसता त्याला टटलच्या पहिल्या सरावाची सकाळ आठवली. तो कडेला उभा होता. त्याच्या पुढे कुणीच नव्हतं. हात सवयीने पुढे गेला आणि हवेत थांबला. चापट मारायला कुणाची पाठच नव्हती. तिकडे मध्यावर नवा पोरगा ऑटोच्या मागे उभा होता आणि ऑटो त्यालाही गुरगुरत होता, “ठरव रे बाबा एकदा.”

हे त्याने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. यात हसण्यासारखं काही नव्हतं आणि मायरनच्या तोंडून लोकांना दुसरं काही ऐकायची सवय नव्हती.

बाहेरचा माणूस संघाला एक समजतो. तसं नसतं. संघात खोल्या असतात. पुढच्या फळीची एक, लाइनबॅकरांची एक, मागच्या फळीची एक. सकाळी येऊन प्रत्येकाने आपापल्या खोलीत बसायचं, तिथेच भिंतीवर खेळाचं चित्रीकरण बघायचं, तिथेच एकमेकांच्या आया-बहिणींची विचारपूस करायची आणि तिथेच भांडायचं. पुढच्या फळीवाले दर गुरुवारी एकत्र जेवायला जात. त्या जेवणात इतर कुणाला प्रवेश नसे, प्रत्यक्ष कोचलाही नाही. मागच्या फळीवाले विमानाच्या शेपटाकडे बसून पत्ते कुटत. खेळणं सुटलं, केस गेले, गुडघे गेले, तरी खोली सुटत नाही. म्हातारपणी कुणी विचारलं, तू कोण, तर माणूस संघाचं नाव नंतर सांगतो, आधी खोली सांगतो.

मायरन तिन्ही खोल्यांत राहिला होता.

“तिसरा कोच प्रुइट,” तो म्हणाला. “याला हवेची भीती. म्हणे आता सगळे चेंडू उंच फेकायला लागलेत, हुडाक, तू जा मागच्या फळीत, पण असा नको, वाळून ये. आता सांगा, आईने उन्हाळाभर घालून वाढवलेला माणूस! मी खाणं सोडलं. नुसत्या वासावर राहिलो. इतका वाळलो, इतका वाळलो, की एका रविवारी पंचाने मैदानात आमची माणसं मोजली तर अकराऐवजी दहाच भरली. समोरच्या क्वार्टरबॅकनेही दहाच मोजली. त्याला वाटलं, भगदाड पडलंय. दिला चेंडू सोडून. आणि मी कडेने उभा होतो तो फक्त समोर वळलो.”

“झेललास!” चेस्टर ओरडला.

“माझ्या छातीवर आदळला, दुसरं काय होणार. भगदाड नव्हतंच, मीच होतो तिथे.”

झारा पुन्हा वाजला. यावेळी दोनदा.

पण त्या मोसमात विमानाच्या शेपटाकडे मायरनला पत्ते वाटायचे ते पाहुण्याला वाटतात तसे. चांगले वागायचे. ‘हुडाक, तुला कळतो का हा डाव’ असं दर वेळी नव्याने विचारायचे. त्याला तो डाव लहानपणापासून येत होता. पण ते शिकवत आणि तो शिकून घेई.

मग स्टोक्स आला आणि म्हणाला, मागे कशाला थांबायचं, सगळ्यांनी पुढेच घुसायचं. मायरनला पुन्हा खायला घातलं आणि जमिनीवर हात टेकून बसवलं, पुढच्या फळीत. ऑटो तोवर गुडघ्यामुळे बाहेर पडला होता. आता मायरनच्या मागे एक नवा लाइनबॅकर उभा राही आणि चापट मायरनला बसे. पहिल्यांदा बसली तेव्हा त्याचं मन इतकं भरून आलं की तो क्षणभर उठायलाच विसरला आणि समोरच्याने त्याला सपाट केलं. दोनतीन गुरुवार तो जेवायलाही गेला. लांब टेबल, आरडाओरडा, कुणीतरी कुणाच्या तरी ताटातलं उचलतंय. पुढच्या गुरुवारी काय मागवायचं हे त्याने मनात ठरवून ठेवलं होतं, तेवढ्यात स्टोक्सची नोकरी गेली.

शेवटच्या कोचला तो कुठेच पक्का नको होता. थोडा इथे, थोडा तिथे. एकाच रविवारी तो तिन्ही फळ्यांत खेळे आणि सोमवारी सकाळी खोल्यांच्या बोळात उभा राहून विचार करी, आज कुठल्या दारातून आत जायचं. वर्तमानपत्रं लिहीत, हुडाक कुठेही चालतो. वाचायला बरं वाटे.

रांग आता ओसरली होती. हॉलच्या दुसऱ्या टोकाला खुर्च्या एकावर एक चढायला लागल्या. लिओनाने कढई उतरवली आणि खिडकीच्या चौकटीवर दोन्ही कोपरं टेकून उभी राहिली. वाफ नसली की तिचा चेहरा जरा थकलेला दिसे, पण डोळे नीट दिसत.

“मग या जेवणात तुम्ही बसता कसे?” तिने विचारलं.

“कसे म्हणजे? ढुंगणावर.”

“तसं नाही रे. वाटेल तिथे बसायचं की कसं?”

मायरनने मासा सरकवला. “टेबलं खोल्यांप्रमाणे मांडतात. पुढच्या फळीचं, लाइनबॅकरांचं, मागच्या फळीचं. जुनी पद्धत आहे.”

“मग तू कुठल्या टेबलावर?” चेस्टर म्हणाला आणि मग स्वतःच्या प्रश्नावर खूश होऊन त्याने बर्डेटला कोपर मारलं. “हा तर तिन्हीकडचा!”

“तोच तर घोटाळा,” मायरन मोठ्याने म्हणाला. “तिन्हीकडून ओढाताण.”

तो एकदाच गेला होता त्या जेवणाला, आयरीन असताना. लाइनबॅकरांच्या टेबलापाशी गेला तर सगळे उठून उभे राहिले, मिठ्या मारल्या आणि म्हणाले, हुडाक, तुझे पुढचे लोक तिकडे बसलेत बघ. पुढच्या फळीवाल्यांनीही मिठ्या मारल्या आणि म्हणाले, अरे, तू तर पळणाऱ्यांतला, ते बघ तुझं टेबल. पळणाऱ्यांनी त्याच्या हातात ग्लास दिला आणि विचारलं, लाइनबॅकरांचं टेबल सापडलं नाही का तुला? कुणाच्याही मनात पाप नव्हतं. प्रत्येकाला मनापासून वाटत होतं की याची खुर्ची दुसरीकडे ठेवलेली आहे. कुठेच ठेवलेली नव्हती. शेवटी आयरीनने त्याचं कोपर धरलं आणि दाराजवळच्या एका छोट्या टेबलाकडे नेलं. खेळाडूंच्या घोट्यांना पट्ट्या बांधणारा म्हातारा तिथे बायकोबरोबर बसला होता. आयरीनने त्या दोघांना इतकं हसवलं की दुसऱ्या टेबलांवरचे वळून बघायला लागले. चांगली संध्याकाळ झाली. परतताना ती गाडीत त्याच्या मानेवर हात ठेवून बसली होती.

दोन माणसं कुठेही बसली तरी ते टेबल होतं. एक माणूस बसला तर तो फक्त खुर्ची अडवतो. मायरनला लिओना हवी होती ती एवढ्यासाठी. आणि थोडी एवढ्याखेरीजही, पण ते त्याने स्वतःलाही नीट सांगितलेलं नव्हतं.

“गेल्या वर्षी कुठे बसलास?” लिओनाने विचारलं.

तिने हे अगदी सहज विचारलं. हातातल्या फडक्याने ती चौकटीवरचा लोण्याचा डाग पुसत होती आणि तो डाग कधीच निघून गेला होता.

“गेल्या वर्षी?”

“हो. गेल्या वर्षीही होतं ना जेवण? नवा कोट घेतलास तू. आख्ख्या गावाला दाखवलास.”

मायरनने तिच्याकडे पाहिलं. खरं उत्तर तीन शब्दांचं होतं. मी गेलो नाही. ते ओठांपर्यंत आलंही. चेस्टर आणि बर्डेट नसते तर कदाचित बाहेरही पडलं असतं. ते दोघे नसते तर मायरन या टेबलावर बसला असता का, हा वेगळा प्रश्न. पण चेस्टरने ग्लास आधीच खाली ठेवला होता, हसायची तयारी करून. आणि मायरन आयुष्यभर एकच काम शिकला होता, समोर भगदाड दिसलं की विचार न करता त्यात अंग घालायचं. आताही त्याने अंग घातलं.

“गेल्या वर्षीचं विचारूच नकोस,” तो म्हणाला.

“सांग, सांग,” चेस्टर म्हणाला.

“मी दारात पाऊल टाकतो न टाकतो तोच पुढच्या फळीचे सहा जण उठले. सहा जण म्हणजे दीड टन माल. म्हणाले, हुडाक आमचा. माझा उजवा हात धरला. लाइनबॅकर ओरडले, सोडा त्याला, तो आमच्यात जन्मला. त्यांनी डावा धरला. मागच्या फळीवाले आधी काही बोलले नाहीत. ते हुशार. ते टेबलाखालून आले आणि त्यांनी पाय धरले.”

चेस्टरचे खांदे हलायला लागले.

“मी हवेत! आडवा! वेटर सूप घेऊन माझ्या खालून जातायत. मी म्हणतोय, अरे बाबांनो, नवा कोट आहे. कोण ऐकतंय? टर्रकन आवाज झाला. उजवी बाही पुढच्या फळीकडे गेली, डावी लाइनबॅकरांकडे, आणि पाठीचा तुकडा घेऊन पळणारे पळाले. अजून त्यांनी तो चौकटीत लावून ठेवलाय.”

“आणि तू?” बर्डेटने विचारलं. त्यालाही आता हसू आवरत नव्हतं.

“मी पडलो मधोमध. मग तुमच्या डोळ्यांत पाणी येईल असं झालं. ऑटो ग्रीव्ह उठला. ऑटोला आता दोन काठ्या लागतात. त्याने काठ्या फेकल्या, एकट्याने तिन्ही टेबलं ढकलून एकाला एक जोडली आणि म्हणाला, हा मध्ये बसेल, आणि आपण सगळे याच्या भोवती. माझ्यासाठी खुर्ची आली ती यजमानांची, हातवाली. माझ्या ताटात तिन्हीकडून वाढलं. कुणी मला उठू देईना. मी म्हटलं, मला नदीपार जायचंय, उशीर होतोय, गावात लोक काळजी करतील. तर सगळेच्या सगळे निघाले मला पोचवायला! पुलावर गाड्यांची ही रांग! पूल वाकला म्हणे मध्ये. नगरपालिकेने दुसऱ्या दिवशी माणूस पाठवला, खालून टेकू द्यायला…”

चेस्टर आता डोळे पुसत होता. बर्डेट टेबलाची कड धरून “पुरे, पुरे” म्हणत होता. मायरन खिडकीकडे वळला, झारा वाजण्याची वाट बघत.

झारा कढईत आडवा पडला होता. लिओनाने फडकं घडी घालून बाजूला ठेवलं.

“बहिणीला मी दुपारीच फोन केला,” ती म्हणाली. “उद्या येत नाही म्हणून कळवलं.”

मायरनचा चेहरा असा उजळला की चेस्टरने हसायचं थांबवून त्याच्याकडे बघितलं.

“म्हणजे तू…”

“थांब जरा. बोलू दे मला.” तिचा आवाज चढला नव्हता, पण हॉल रिकामा होत आला होता आणि शब्द शेवटच्या टेबलापर्यंत ऐकू जात होते. “गेल्या वर्षी त्या शनिवारी माझं धुलाईचं यंत्र बिघडलं होतं. मी कपडे घेऊन पुलापाशी गेले, ते पैसे टाकून कपडे धुवायचं दुकान आहे ना, तिथे. समोर तुझा ट्रक उभा होता. दिवे चालू. तू आत, कोट घालून, दोन्ही हात स्टिअरिंगवर. मला वाटलं, गाडी बंद पडली. बाहेर येणार होते विचारायला. मग तुझा चेहरा दिसला आणि नाही आले. माझे कपडे धुऊन झाले, वाळून झाले, मी त्यांच्या घड्याही घातल्या. तू तसाच. मग गाडी वळवलीस आणि घरी गेलास.”

 बर्डेट आपल्या काठीच्या मुठीकडे बघत होता.

“म्हटलं, सांगेल कधीतरी. वर्ष गेलं. सोमवारपासून रोज विचारतेय, मी कशाला हवी तुला, मी कशाला हवी. आत्ता परत विचारलं, तोंडावर. खरं तेवढं एकदा ऐकायचं होतं.” तिने चौकटीवरून कोपरं काढली. “खोटं बोलतोस तू, मायरन. ना कुणी तुझा कोट फाडला, ना कुणी टेबलं जोडली. तू पूल ओलांडलाच नाहीस.”